पीयूसीचं अर्थशास्त्र: आधी मार्केटात जाऊन ये

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी पुस्तक. खानापूरहून रोज बेळगावला येताना मीही तसाच गोंधळलो होतो. नुसत्या व्याख्या घोकत बसू नकोस गा.

रताळ्यांचंच बघ की. ढीग येतो, भाव पडतो, म्हणून लोक जास्त घेतात. आलेखात कुठल्या भावाला किती माल खपतो हे दाखवते ती मागणीची रेषा. तेव्हा आपण त्याच रेषेवर खाली सरकतो. पण आषाढी एकादशी आली की भाव तोच असला तरी पिशव्या भरून जातात. तिथं अख्खी रेषाच उजवीकडे सरकते. सहामाहीला मी नेमकं हेच उलटं लिहिलं, मार्क गेले.

लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, आकडे मांडूनच कर. मीठ २० वरून २५ रुपये झालं, म्हणजे २५ टक्के वाढ. खप ४० किलोवरून ३८, म्हणजे ५ टक्के घट. ५ भागिले २५, उत्तर ०.२. एकापेक्षा कमी, म्हणून अलवचीक. कुंदा, ही बेळगावची मिठाई, महागला तर मात्र अर्धा किलोवाला पाव किलोच नेतो!

किंमत उभ्या अक्षावर का, असं गणितवाले विचारतात. अर्थशास्त्रज्ञ मार्शलनं १८९० च्या ग्रंथात तशी काढली, तीच रीत पडली. तू अक्षांची नावं आधी लिही, रेषा मग ओढ.