मासोळीला पायरी किती उंच हवी?

पोरी,

अनेक आशीर्वाद. पुलाखालून मासे नाल्यात वर चढावेत म्हणून तू काढलेला पायऱ्यांचा नकाशा पाहिला. रेषा स्वच्छ आहेत, काँक्रीटचा हिशेब चोख आहे, पण मासोळ्या काही त्यावरून चढायच्या नाहीत.

तू पायऱ्या 30 सेंटिमीटरच्या धरल्यास. हे माप परदेशी सालमनचं. तो मासा दांडगा, उड्या मारत जाणारा. आपल्या चुलबंद नदीतून पावसाळ्यात नाल्यात शिरतात त्या बोटाएवढ्या ते वीतभर मासोळ्या. मासा जीव खाऊन पळाला तर ढोबळमानाने सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट जातो, तेही काही क्षणच. म्हणजे 10 सेंटिमीटरच्या मासोळीची धाव सेकंदाला एक मीटर. आता पाण्याचं बघ. 30 सेंटिमीटरवरून पडलं की त्याचा वेग होतो सेकंदाला 2.4 मीटर. 5 सेंटिमीटरवरून पडलं तर जेमतेम एक मीटर. म्हणून पायरी 5 सेंटिमीटरचीच घे. मासोळी मधल्या धारेतून जात नाही, दगडाच्या कडेनं, तळाला धरून जाते, त्यामुळे तेवढ्यावर निभतं. पुलाखालची पडण, म्हणजे पाणी जिथून खाली कोसळतं ती उंची, 60 सेंटिमीटर आहे, म्हणजे बारा पायऱ्या. प्रत्येकीला मीटरभर लांबी दे, 20 ला 1 असा उतार आपोआप मिळतो.

आणि हा जिना काँक्रीटचा नको. मोठे दगड अर्धे गाडून ओळीनं बसव, ओळींतल्या फटी एकासमोर एक येऊ देऊ नकोस. दगडाच्या मागे पाणी थबकतं, तिथे मासोळी दम खाते. मधला पट्टा कडांपेक्षा खोल ठेव, म्हणजे पूर ओसरल्यावरचं थोडं पाणीही एका जागी राहील. गावातला सगळा बांधीव नाला आज सपाट तळाचा आहे. पाणी पसरून घोटाभरही उरत नाही आणि पूर आला की थांबायला जागा नाही. लॉस एंजेलिसची नदी 1938 च्या पुरानंतर अशीच सिमेंटात घातली, आणि समुद्रातून चढणारा तिथला स्टीलहेड मासा बंद झाला. तिथले इंजिनिअर आता त्या तळात खड्डे आणि दगड कसे बसवायचे याचा विचार करताहेत.

नगरपंचायतीत विचारतील की दगडांनी कचरा अडकून पूर घरात शिरला तर? प्रश्न रास्त आहे. त्याला भाषणानं उत्तर देऊ नकोस. मधल्या पट्ट्यापुरता मॅनिंगचा गुणांक (तळाच्या खडबडीतपणाचा आकडा) 0.015 ऐवजी 0.035 धर, पूरपातळी पुन्हा काढ आणि कागद पुढे ठेव. पातळी खरंच वाढत असेल तर पट्टा अरुंद कर.

पण या सगळ्याच्या आधी खालचा कोल्हापुरी बंधारा बघ. मासे खालून वर येतात, काम आपण वरून खाली करतो, कारण रस्ता वर असतो. पाऊस लागण्याआधी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, सगळे निघायला हवेत. चार बरगे गाळात रुतून राहिले तरी तुझी दगडी पायवाट कोरडी शोभा. हे काम बिनपैशाचं आहे, म्हणूनच त्याची फाइल कोणी काढत नाही.

जुलैतल्या पहिल्या मोठ्या पुरानंतर, पाऊस ओसरला की पुलाखाली जाऊन उभी राहा. सोबत मासेमारी करणाऱ्या धिवर समाजातलं कोणीतरी जुनं माणूस घे. मासोळ्या कोणत्या काठाला गर्दी करतात ते बघ, वाटेचं तोंड त्याच काठाला यायला पाहिजे. मधोमध काढलंस तर त्या शेजारच्या भिंतीला नाक घासत राहतील. जुन्या मालगुजारी तलावाच्या सलंगेवरून, म्हणजे सांडव्यावरून, मरळ, वाम हे मासे वर जायचे, हे त्या माणसांनी पाहिलेलं आहे. सलंगा सिमेंटच्या केल्या तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आता तू विचार. आणि वाटेच्या तोंडाशी जाळं लागणार नाही, हे मच्छीमार संस्थेशी बसून ठरव. फलक लावून हे होत नाही.

समुद्रापर्यंत जाणाऱ्या अहिरीचं, त्या सापासारख्या लांब माशाचं, तू लिहिलं होतंस. ती वाट वैनगंगेतून प्राणहिता, पुढे गोदावरी. त्या वाटेवर आता मोठे बंधारे आडवे उभे आहेत. तो विषय मोठा आणि वेगळा, या अंदाजपत्रकात ओढू नकोस.

एक राहिलं. पुलाखालच्या पुढच्या पन्नास मीटरच्या तळपातळ्या तुझ्या नकाशात नाहीत. तिथे नाला खोलीकरणात खरवडलाय. तळ अजून खाली गेला तर तुझी शेवटची पायरी अधांतरी लटकेल आणि पुन्हा तीच पडण तयार होईल. दर पाच मीटरला पातळी घे आणि पाठव, मग उताराचं टोक कुठे पुरायचं ते ठरवू.

तुझे,
सर