भाच्याच्या काडतुसांच्या धंद्यात पंधरा लाख घालावेत का?

नमस्कार काका, तुमचा मेसेज नीट वाचला, दोनदा वाचला. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. काका फोंड्याचे, वय ६२, प्रायव्हेट नोकरीतून निवृत्त, पेन्शन नाही, पुढच्या महिन्यात १५ लाखांची एफडी सुटतेय. भाचा पॉइंट टू-टू रायफल मारतो, चांगला मारतो. त्याच्या ओळखीचा एक लायसन्सवाला बंदूक-दुकानदार आहे, त्याच्याबरोबर पार्टनरशिप करून पॉइंट वन-सेव्हन एचएमआर ही सहसा न मिळणारी रायफलची काडतुसं बाहेरून मागवून ठेवायची, कारण गोव्यात, सिंधुदुर्गात, बेळगावात ती कोणीच ठेवत नाही म्हणे, म्हणजे सगळं गिऱ्हाईक आपलंच. पैसे काकांचे, नफ्यात निम्मा वाटा काकांचा. भाच्यानं हे सगळं कागदावर लिहून दिलंय, सोबत पार्टनरशिपचा कागदही आहे. काकू नको म्हणतायत, मुलगा म्हणतो घाला.

काका, माझं उत्तर आहे की घालू नका. भाच्याला काडतुसातलं कळत नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट त्यानं लिहिलेलं बरोबरच आहे, हे काडतूस खरंच छान आहे. हॉर्नाडी कंपनीनं २००२ साली अमेरिकेत काढलं, पॉइंट टू-टू मॅग्नम काडतुसाचीच केस (पितळी नळी) तोंडाशी बारीक करून त्यात १७ ग्रेनची, म्हणजे ग्रॅमभर वजनाची, हलकी गोळी, वेग भरपूर, शंभर यार्डांवर नेम सरळ. पण चांगलं काडतूस वेगळं आणि विकलं जाणारं काडतूस वेगळं.

कोणीच ठेवत नाही हे ऐकून आपल्याला वाटतं की जागा मोकळी आहे. पण आधी विचारायचं की का ठेवत नाही. काडतुसाची डिमांड म्हणजे किती जणांना ते आवडतं हे नव्हे, त्या बोअरच्या, म्हणजे नळीच्या त्या मापाच्या, किती रायफली लोकांच्या लायसन्सवर चढलेल्या आहेत आणि त्यातली प्रत्येक रायफल वर्षाला किती गोळ्या खाते, एवढंच. आपल्याकडे लायसन्सवर बोअर लिहिलेला असतो, त्याच बोअरची काडतुसं मिळतात, तीही ठरलेल्या मर्यादेत, आणि दुकानदाराला प्रत्येक विक्री रजिस्टरला चढवावी लागते. म्हणजे रस्त्यावरून जाणारा कोणी 'बघू जरा' म्हणून आत येऊन एक डबी घेऊन जाईल असं होत नाही.

मग नेमबाज त्या बोअरची रायफल घेतील का? इथंच गाडी अडते. पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धेत आयएसएसएफ या जागतिक नेमबाजी संघटनेच्या नियमानं फक्त ५.६ एमएम रिमफायर (ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो ते), म्हणजे पॉइंट टू-टू लाँग रायफल नावाचं काडतूस चालतं, आणि गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची लागते. वन-सेव्हन एचएमआर त्यात बसतच नाही. आपल्याकडच्या नॅशनलची रायफल इव्हेंट्स याच नियमांवर चालतात, म्हणजे ज्याला नॅशनल गाठायचीय, पुढे स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी हवीय, तो पोरगा त्या रायफलवर पैसे का घालेल? ऑलिंपिकमध्ये रायफलचं काय उरलंय तेही बघा, दहा मीटर एअर रायफल आणि पन्नास मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून). ३०० मीटरची मोठ्या बोअरची स्पर्धा १९७२ च्या म्युनिकनंतर गेली, पन्नास मीटर प्रोन (नुसती पालथं पडून मारायची) २०१६ च्या रिओनंतर गेली. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ब्रॉन्झ आणलं ते पॉइंट टू-टू वरच. तेव्हा गोव्यातल्या आईबापांना मुलांना नेमबाजीत घालावंसं वाटलं तरी मुलं जाणार एअर रायफलकडे, तिला तर काडतूस लागतच नाही, छर्रे लागतात, आणि २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ४.५ एमएम आणि वीस ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लायसन्सही लागत नाही. दुकानदाराला जर खेळाडूंवरच धंदा करायचा असेल तर माल हाच आहे.

भाच्यानं अमेरिकेतल्या ६.५ क्रीडमूर या काडतुसाचं उदाहरण दिलंय, की तेही आधी कोणाला माहीत नव्हतं आणि बघता बघता सगळीकडे झालं. उदाहरण खरं आहे, फक्त अर्धं सांगितलंय. क्रीडमूर २००७ साली आलं, ज्या पॉइंट थर्टी टीसी काडतुसाची केस बारीक करून ते बनवलं ते बिचारं स्वतः चाललं नाही. आणि पॉइंट टू-सिक्स्टी रेमिंग्टन १९९७ पासून जवळपास तेच काम करत होतं, तेही मागे पडलं. आणखी जुनं म्हणजे रेमिंग्टनचंच ५ एमएम रिमफायर मॅग्नम, रायफली थोड्याच वर्षांत बंद पडल्या, मागोमाग काडतुसंही बंद झाली, आणि ज्यांनी हौसेनं रायफल घेतली होती त्यांना कित्येक वर्षं गोळीच मिळेना. एक चाललं की त्याच्या मागे न चाललेली दोनचार असतातच, आणि कुठलं चालेल हे गोडाऊन भरायच्या आधी कळत नाही, अमेरिकेसारख्या प्रचंड मार्केटमध्येसुद्धा नाही.

आणि तिकडे एक सोय आहे जी इकडे नाही. तिकडे दुर्मिळ बोअरचा माणूस रिकाम्या केसमध्ये स्वतः दारू-गोळी भरून घेतो. ती सोय सेंटरफायर काडतुसाला (मसाला बुडाच्या मधोमध असतो त्याला), वन-सेव्हनसारख्या रिमफायरला तिकडेही नाही. आपल्या १९५९ च्या आर्म्स अॅक्टमध्ये तर लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे उद्या तुमच्या दुकानदाराची आयात अडकली तर त्या बोअरची रायफल कपाटात, आणि हे माहीत असलेला शहाणा नेमबाज त्या बोअरला आधीच हात लावत नाही. डिमांड वाढू न देणारी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं, आणि भाच्याच्या कागदावर तिचा उल्लेख नाही.

आता आकडे, कारण शेवटी प्रश्न तुमच्या पंधरा लाखांचा आहे. तुमचं वय ६२, म्हणजे पोस्टाची सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम तुम्हाला उघडी आहे, मर्यादा ३० लाख. एप्रिल २०२३ ला तिचा दर ८.२ टक्के झाला, सरकार दर तिमाहीला ठरवतं म्हणून पैसे भरायच्या दिवशीचा दर विचारून घ्या, पण खातं उघडताना जो असतो तो पाच वर्षं तुमचाच. ८.२ धरला तर पंधरा लाखांवर वर्षाला १,२३,००० रुपये, दर तीन महिन्यांनी ३०,७५०, घरी बसून. एवढंच धंद्यातून यायला काय लागेल ते बघा. तुमचा वाटा निम्मा, म्हणजे एकूण नफा २,४६,००० हवा. समजा खरेदीवर २० टक्के सुटले, भाडं-वीज-टॅक्स काहीच धरलं नाही, तरी वर्षाला १२ लाख ३० हजारांचा माल जाऊन विक्री १४,७६,००० ची व्हायला हवी. एक गोळी समजा शंभर रुपयांना विकली, तर चौदा हजार सातशे साठ गोळ्या. एक नेमबाज वर्षाला पाचशे मारतो धरलं, तर एकाच अनोळखी बोअरचे तीसेक नेमबाज हवेत, दर वर्षी, न चुकता. गोळीचा भाव आणि मार्जिन मी धरलेले आहेत, तुम्ही दुकानदाराचे खरे आकडे घालून परत करा. पण तीस माणसं कुठून आणायची ते भाच्याला नावानिशी विचारा.

काही लोक म्हणतील काडतूस काय नासतंय थोडंच. बरोबर, कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतं. पण आपला पावसाळा तुम्हाला मी काय सांगणार, पितळ हिरवं पडायला वेळ लागत नाही. आणि न विकलेला माल काढायचा म्हटला तर तुम्ही तो कोणालाही देऊ शकत नाही, फक्त दुसऱ्या डीलरला किंवा त्या बोअरच्या लायसन्सवाल्याला, आणि तो पडक्या भावानंच घेणार. घर, सोनं, फंड यातलं काहीही तुम्ही अडचणीत विकू शकता, हे नाही.

पार्टनरशिपचा कागद मला सगळ्यात जास्त खुपला. १९३२ च्या कायद्याप्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक पार्टनर पूर्ण जबाबदार असतो, वाटा निम्मा असला तरी देणं निम्मं नाही, वेळ आली तर तुमच्या घरापर्यंत येऊ शकतं. शिवाय डीलरचं लायसन्स ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावावर असतं, तुमचे पैसे आत आणि अधिकार शून्य. रजिस्टरमध्ये काही घोळ निघाला, साठा जुळला नाही, तर तो साधा हिशोबाचा घोळ राहत नाही, पोलीस केस होते. आणि काका, आपण गोव्यात आहोत. तुमचं लग्न जर इथल्या सिव्हिल कोडप्रमाणे कम्युनियनमध्ये, म्हणजे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक या पद्धतीत, असेल तर ते पंधरा लाख निम्मे काकूंचेच आहेत, आणि इन्कम टॅक्ससाठीसुद्धा पगार सोडून बाकी उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं धरलं जातं. त्यामुळे काकू नको म्हणतायत ते घरातलं मत म्हणून बाजूला ठेवू नका, अर्धी मालकी बोलतेय.

तरीही भाच्याला मदत करायची असेल, आणि मला दिसतंय की तुम्हाला ती मनापासून करायचीय, तर दुसरा रस्ता आहे. त्या दुकानदाराकडून मागच्या तीन वर्षांच्या विक्रीचा बोअरवार हिशोब मागा, कोणाची नावं नकोत, नुसते आकडे. मला वाटतं त्यात बारा बोअर, म्हणजे शॉटगनची काडतुसं, सगळ्यात वर दिसतील, सत्तरी-सांगेकडे रानडुकरांसाठी शेतकरी तेच वापरतात, आणि निवडणूक आली की बंदुका जमा होतात तेव्हा तीही विक्री बसते. हिशोब द्यायला तो तयारच नसेल तर विषय तिथंच संपला. आणि भाच्याला दीड लाख द्या, धंद्याला नाही, खेळाला, त्याची पॉइंट टू-टू ची मॅच काडतुसं, कोचिंग, नॅशनलचा प्रवास. परत यायची अपेक्षा न ठेवता द्या, गिफ्ट म्हणून, मामानं भाच्याला दिलेल्या गिफ्टवर त्याला टॅक्स लागत नाही.

उरलेले साडेतेरा लाख. दोन लाख सेव्हिंग्जमध्ये किंवा छोट्या एफडीत, हॉस्पिटलची वेळ आली तर. साडेअकरा सीनियर सिटिझन स्कीममध्ये, काकूंबरोबर जॉइंट खातं काढा, नॉमिनी दोन्हीकडे घाला. एफडी सुटायच्या आधी बँकेत जाऊन ऑटो रिन्युअल बंद करून या, नाहीतर पैसे परत तिथंच अडकतील आणि मोडायला दंड पडेल. पार्टनरशिपच्या कागदावर अजून सही केली नसेल तर करू नका, केली असेल तर मला आजच फोटो पाठवा.