भिशीचे पावणेदोन लाख, जुनी गाडी आणि आंबा घाट

कोल्हापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. भिशीचे 1,75,000 रुपये हातात आलेत. गाडी 2014 च्या पासिंगची, बेस मॉडेलची पेट्रोल हॅचबॅक, 82,000 किलोमीटर झालेली. महिन्यातून दोनदा आंबा घाट उतरून देवरुखला आईवडिलांकडे जाणं होतं. गॅरेजवाल्या मित्राने रुंद टायरसह मोठे अलॉय व्हील, एलईडी दिवे, वूफर आणि सायलेन्सर यांचं 1,35,000 चं एस्टिमेट दिलंय. घरच्यांचं मत वेगळं: जुनी गाडी सव्वा लाखाला एक्स्चेंजमध्ये द्यावी, भिशीतले सव्वा लाख भरावेत आणि सहा लाखांचं कर्ज काढून साडेआठ लाखांची नवी घ्यावी. हातात पगार 52,000, घराचा हप्ता 15,500. काय करावं?

नमस्कार. दोन्ही करू नका, असं माझं मत आहे. कारणं सांगतो.

हौसेला मोल नसतं हे खरं, पण तुमच्या एस्टिमेटमधला एकही रुपया गाडी विकताना परत येणार नाही. घेणारा माणूस पासिंगचं वर्ष, किलोमीटर आणि इंजिन बघतो. टायरचा घेर कंपनीच्या मापापेक्षा वाढला की स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवतो. घाटात उतरताना मला ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. सायलेन्सरचं तर कायद्यातच अडतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता बसवलेल्या वस्तूंचं नुकसान क्लेममध्ये मिळत नाही. तुमचा विमा तर फक्त थर्ड पार्टी आहे, म्हणजे तुमच्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही मिळायचा नाही.

आता नवी गाडी. सहा लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं धरली तर हप्ता साधारण 9,800 बसतो आणि व्याजच सव्वादोन लाखांच्या आसपास जातं. घराचा हप्ता धरून महिन्याला 25,300 जातील, म्हणजे जवळपास अर्धा पगार. लेक पाच वर्षांची आहे, शाळेची फी दरवर्षी वाढणार. यात एखादा दवाखाना निघाला तर तुम्ही क्रेडिट कार्डाकडे वळाल, आणि तिथून बाहेर येताना माणूस दमतो.

तरीही घरच्यांचं म्हणणं मी सहज बाजूला सारत नाही. तुम्हीच लिहिलंय की गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही. या दोन गोष्टी जुन्या गाडीला बाहेरून बसवून घेता येतील असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ओल्या उतारावर जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होतं आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ घसरत जाते. एबीएस नेमकं ते टाळतं. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्या वर्षीच्या सरकारी अहवालात सीटबेल्ट न लावलेले मृत 16,715 आहेत आणि त्यातले जवळपास निम्मे चालक नव्हते, सोबत बसलेले होते.

म्हणून तिसरा रस्ता: 2022 किंवा त्यानंतरची, एक हात फिरलेली हॅचबॅक. एबीएस एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग जानेवारी 2022 पासून. त्यामुळे त्या सालानंतरच्या बेस मॉडेललाही दोन्ही मिळतात. गाडीचे पाच लाख आणि ट्रान्सफर, विमा, तपासणीचे वीस हजार धरा. जुनीचे सव्वा लाख आणि भिशीतले 1,45,000 टाकले की कर्ज अडीच लाखांचं उरतं. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त असतं. बारा टक्के धरले तरी चार वर्षांचा हप्ता 6,600 च्या आत आणि एकूण व्याज 66,000. तुमचा संसार हे पेलू शकतो.

घेताना चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते पाहा. लागतच नसेल तर त्या गाडीचा नाद सोडा. एकदा फुटलेल्या एअरबॅगा न बदलता दिवाच बंद करून विकलेल्या गाड्या बाजारात असतात. आरसीवर आधीच्या बँकेचा बोजा उतरलाय का, तेही बघा. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

ही खरेदी दसऱ्याच्या सुमारास करा. तोवर पावसाळा आहे, आणि तुम्ही म्हणता मागचे दोन टायर गोटा झालेत. टायरवर चार आकडे छापलेले असतात: 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपूर्वीचे असतील तर नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं. चारही टायर कंपनीच्याच मापाचे घ्या, ब्रेक पॅड, लायनर आणि ब्रेक ऑइल बदला, अलाइनमेंट करा. 22,000 पर्यंत हे सगळं बसावं. शॉकअप आणि बुशवर मात्र विकायच्या गाडीत खर्च करू नका, मेकॅनिकने गाडी चालवायला धोकादायक आहे असं सांगितलं तरच करा.

उरलेले 8,000 लहान मुलांच्या सीटसाठी. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडकलो: "लेक पुढे आईच्या मांडीवर बसते." कृपा करून आजपासून हे थांबवा. पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली तर कुठल्याही आईच्या हातांत लेकराला धरून ठेवण्याइतकी ताकद नसते. नव्या गाडीत धोका वाढतो, कारण फुगणारी एअरबॅग थेट मुलीवर आदळेल. ही सीट मागे, बेल्टने बांधून बसवायची. गाडी बदलली तरी ती काढून पुढच्या गाडीत नेता येते.

आंबा घाटात पाऊस धरला की धुकंही उतरतं. जूनच्या आधीच्या एखाद्या रविवारी टायर, ब्रेक आणि सीट उरकून घ्या, मगच देवरुखला निघा.