हाका घालणारा मुलगा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका वाचकाचे पत्र आले आहे. शिगम्याच्या सुट्टीत त्यांचे मामा, आतेभाऊ आणि घरची मुले मिळून पारधीला गेली. मामांकडे काजूच्या बागायतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक. पत्रलेखकांचा मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी आठ. रानडुक्कर निसटले, पण वनरक्षक येऊन पोचले. बंदूक आणि जीप जप्त झाली, पंचनामा झाला. जबाबासाठी सहायक वनसंरक्षकांचे समन्स घरी येऊन दीड महिना उलटला, ते तसेच पडून आहे. विचारणा अशी: जनावर मेले नाही, मुले गंमत म्हणून आली होती, मग भ्यायचे कशाला? काजूचा हंगाम आला की अशी पत्रे येतातच. मात्र या गृहस्थांनी सोबत उत्तराचा मसुदाही जोडला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

मसुद्यातले वाक्य असे: “माझ्या मुलाच्या हातात हत्यार नव्हते, तो फक्त व्हाळाच्या वरच्या अंगाने तेलाचा रिकामा डबा वाजवत डुक्कर खाली हाकत होता.”

हे वाक्य पाठवू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम २(१६) काढून वाचा. शिकार म्हणजे केवळ गोळी घालून मारणे नव्हे. पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे, जनावर हाकणे, आणि यांतल्या प्रत्येकाचा नुसता प्रयत्न, हे सगळे त्या व्याख्येत बसते. म्हणजे डुक्कर निसटले यात तुमचा बचाव नाही, आणि डबा वाजवणारा पोरगा कायद्याच्या लेखी प्रेक्षक नाही, तो शिकार करत होता. बंदूक धरणारे मामा आणि हाका घालणारा भाचेनातू एकाच व्याख्येत येतात. मुलाला वाचवायला म्हणून तुम्ही नेमके तेच कबूल करायला निघाला आहात, जे खात्याला एरवी साक्षीदार आणून सिद्ध करावे लागले असते.

मसुदा अजून टपालात पडलेला नाही, हा तुमच्या आळसाचा एकमेव फायदा. पण समन्स दडपून ठेवण्याचे दिवस संपले. सहायक वनसंरक्षकांना कलम ५०(८) खाली साक्षीपुरावा नोंदवण्याचा आणि हजर राहायला भाग पाडण्याचा अधिकार आहे. वकील घेऊन या आठवड्यातच जा, पंचनाम्याची प्रत मागा. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिलेले संरक्षण आहे. गप्प राहणे वेगळे आणि खोटे रचणे वेगळे. ‘मुलगा त्या दिवशी आजोळी होता’ असले काही सुचत असेल तर विसरा. आतेभावाने व्हॉट्सअॅप स्टेटसवर टाकलेल्या व्हिडिओत त्याच मुलाच्या खांद्यावर बंदूक दिसते, हे तुम्हीच पत्राच्या शेवटी सहज सांगून टाकले आहे. आणि तो व्हिडिओ आता पुसूही नका. पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा अंगावर येईल.

त्या व्हिडिओमुळे मामांचीही पंचाईत आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे एकवीस वर्षे पुरी न झालेल्याने बंदूक बाळगायची किंवा वाहायची नाही. ‘मी शेजारीच उभा होतो’ या बोलण्याला तिथे फारसा अर्थ नाही. परवाना पिकाच्या राखणीचा होता आणि रान बागायतीपासून किती दूर, यावर पुढचे अवलंबून राहील. परवान्याच्या अटी पाहिल्याशिवाय त्याबद्दल मी बोलणार नाही.

“बाप मुलाला शिकारीला नेतो यात गैर ते काय, अमेरिकेत माझा चुलतभाऊ नेतो,” असेही तुम्ही लिहिता. नेत असेल. तिथे टेक्साससारख्या राज्यात मुलांसाठी वेगळा हंगाम असतो, परवाना आणि शिकारीचे शिक्षण लागते. आपल्याकडे रूढीने चालत आलेल्या शिकारीच्या हक्काला या कायद्याने जपले ते निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींपुरते, कलम ६५ मध्ये. शिगम्याच्या पारधीचा तिथे उल्लेख नाही. ‘डुक्कर मारायला सरकारची मुभा आहे’ ही गावगप्पाही सोडा. २०१५-१६ मध्ये बिहार आणि उत्तराखंडात रानडुक्कर उपद्रवी ठरवले गेले, तेही ठरावीक जिल्ह्यांत आणि वर्षभरापुरते. एरवी ते दुसऱ्या अनुसूचीतले संरक्षित जनावर आहे.

जागा म्हादई अभयारण्याच्या हद्दीत होती की बाहेर, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. बाहेर असेल तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कलम ५४ खाली रक्कम भरून तडजोडीला वाव. आत असेल तर किमान तीन वर्षे, कमाल सात, आणि तडजोडीचे दार बंद. १९९९ साली अधिसूचना निघाली, आतल्या गावांच्या हक्कांचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि आपली बागायत रेषेच्या कुठल्या बाजूला हे माणसाला जप्तीच्या दिवशी कळते. त्याचा राग मलाही आहे, पण न्यायालयात नकाशा चालतो. सर्व्हे नंबर घेऊन हद्द तपासून घ्या.

आता मुलांचे. आठ वर्षांच्या मुलीची काळजी करू नका. सात ते बारा वयात कृत्याचे परिणाम कळण्याइतकी समज नसेल तर गुन्हा ठरत नाही. मुलाचे प्रकरण निघालेच तर ते बाल न्याय मंडळापुढे जाईल. हद्दीबाहेरची बाब असेल तर ती किरकोळ गुन्ह्यात मोडते, आणि अशी चौकशी चार महिन्यांत, वाढवून फार तर सहा महिन्यांत संपली नाही तर ती आपोआप बंद होते. तुमचा खटला मात्र किती वर्षे चालेल ते देव जाणे. मला जास्त धास्ती बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३(२) ची वाटते. बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या कोणाही प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. घरच्या पारधीला ते लावतील का? बहुधा नाही, पण लावायचे ठरवलेच तर त्याला आधार तुमच्या त्या डब्याच्या वाक्याचाच मिळेल.

जीप खटला चालू असतानाही मिळू शकते. न्यायदंडाधिकाऱ्यांना तो अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. तो अर्ज नंतर. आधी मुलाचा जन्मदाखला काढा आणि अटकपूर्व जामिनाची गरज आहे का, हे वकिलाला समन्सची तारीख दाखवून विचारा.