विज्ञानाच्या सराव पाठांची तयारी कशी करावी? पाठ टाचण कसं लिहावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: शिक्षण अकोल्याला मराठीतून, लग्नानंतर इंदूर, आता बी.एड.चं दुसरं वर्ष, आणि पुढच्या महिन्यापासून हिंदी माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवायचंय. टाचण कसं लिहू आणि मुलांनी न येणारं काही विचारलं तर काय करू, ही धास्ती.

मी इथलीच, रामबागेत वाढलेली. मिडल स्कूलला विज्ञान शिकवून १९ वर्षं झाली. आमचं बी.एड. एका वर्षाचं होतं, मोजके पाठ घेतले की सुटलो. २०१४ च्या नियमांनंतर ते दोन वर्षांचं झालं आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत काढावे लागतात. तुम्हाला चुकायला वेळ आहे, आम्हाला नव्हता.

आधी भाषेचं बोलते, कारण पाय पहिल्यांदा तिथेच घसरेल. पेशीला इथे कोशिका म्हणतात, आम्लारीला क्षारक. हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. फसवतात ते सारखे दिसणारे शब्द. मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे पाण्याची वाफ करून ती थंड करून परत पाणी मिळवणं. हिंदी पुस्तकात त्याला आसवन म्हणतात, आणि तिथलं ऊर्ध्वपातन म्हणजे आपलं संप्लवन, कापूर न वितळता उडून जातो ते. तुम्ही सवयीने ऊर्ध्वपातन म्हणालात की मुलं वहीत कापूर लिहितील आणि दोघांनाही पत्ता लागणार नाही. धड्यातले सगळे शब्द हिंदी पुस्तकातून आधी काढून ठेवा.

आता टाचण. कॉलेजने दिलेला नमुना, त्यातली उद्दिष्टं, रकाने, सगळं सांगतात तसं भरून द्या. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण स्वतःसाठी एक वेगळा कागद करा. त्यावर तुम्ही काय बोलणार ते लिहू नका. मुलांना काय विचारणार, ती काय उत्तर देतील (चुकीची उत्तरं आधी लिहा) आणि त्या वेळी त्यांच्या हातात काय असेल, एवढंच. चाळीस मिनिटांचा तास हजेरी आणि सामान वाटण्यात तीसवर येतो, म्हणून प्रश्न तीनच ठेवा. आणि विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या सुमारास वर्गातली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबले तर मुलं लांब आणि विचार करून उत्तरं देत होती. मी अजूनही मनात एक-दोन-तीन म्हणते. बाई, ते तीन सेकंद फार मोठे असतात.

माझा दुसराच पाठ, सातवीचा वर्ग, मागे निरीक्षक मॅडम वही उघडून बसलेल्या. मी ऐटीत सांगितलं, पाणी १०० अंशांला उकळतं, आता आपण पाहू. स्पिरिटचा दिवा, बीकर, तापमापी. पाणी खळखळा उकळायला लागलं आणि पारा ९८ वर जो बसला तो हलेना. मी वाट पाहिली, घाम पुसला, आणि म्हणाले, "थर्मामीटर खराब आहे." दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा न सांगता उठला, कपाटातून दुसरा घेऊन आला. तोही ९८. "मॅडम, दोनों खराब हैं क्या?" वर्ग हसला. मीही हसायला हवं होतं. मी त्याला खाली बसवलं.

तास संपल्यावर मॅडमनी एवढंच विचारलं, "काल करून पाहिला होतास?" नव्हता. केला असता तर रात्रीच कळलं असतं की इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. दोन्ही तापमाप्या बरोबर होत्या, चूक माझं वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसं सांगितलं आणि विचारलं, मग मुंबईला किती? पचमढीला? तिथून गाडी कुकरमध्ये पोचली, जिथे दाब वाढवून पाणी १२० अंशांच्या आसपास नेतात. टाचणात कुकर नव्हताच. न येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: "मलाही माहीत नाही, उद्या करून पाहू" म्हणा, आणि उद्या खरंच करा. थर्मामीटरला दोष देऊ नका.

त्या मॅडम पूर्वी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात तयार झालेल्या. आपल्याच मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत तो सुरू झाला. मुलं टोळ्यांनी प्रयोग करायची, निरीक्षण स्वतः लिहायची, परीक्षेलाही पुस्तक उघडं. पुढे तो पुष्कळ जिल्ह्यांत पसरला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. इथल्या जुन्या शिक्षकांत त्या प्रशिक्षणातलं कोणी भेटलं तर सोडू नका, दोन तास बसून घ्या.

आम्ल-क्षारकाचा धडा तुमच्या वाट्याला येईलच, तर एक खाचखळगा सांगून ठेवते. हळदीचा कागद सगळेच नेतात. साबणाच्या पाण्यात तो लाल होतो, मुलं खूश. मग कोणीतरी त्यावर लिंबू पिळतं आणि कोणीतरी साधं पाणी टाकतं. दोन्हीकडे पिवळाच! "म्हणजे लिंबू आणि पाणी एकच?" हळद आम्ल ओळखत नाही, फक्त क्षारक ओळखते. सोबत जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून न्या. लिंबाने ते पाणी गडद गुलाबी होतं, साबणाने हिरवं. पण हळद वगळू नका. तो गोंधळ होऊ द्या, जास्वंद नंतर काढा.

श्वसनाला चुन्याची निवळी लागेल. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना घ्या, पाण्यात ढवळा, रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत काढून बूच घट्ट लावा, नाहीतर हवेनेच त्यावर साय धरते. नळीने निवळीत फुंकताना एखादं पोर हमखास उलटं ओढतं. म्हणून आधी सगळ्यांना साध्या पाण्यात बुडबुडे काढायला लावा, निवळी त्यानंतरच हातात द्या.