तळ्याकाठच्या उतारावर सेप्टिक टँक: त्यासाठी निवृत्तीची ठेव मोडावी का?

प्रश्न: आम्ही दोघांनी तळ्याकाठी उताराची जागा घेतली आहे. रस्ता वर, पाणी खाली. रस्त्यापासून काठापर्यंत आडवं अंतर सुमारे 60 मीटर, उंचीतला फरक 18 मीटर. घर मधोमध बांधायचं ठरलं आहे. सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी तिथे नाही, म्हणून सेप्टिक टँक लागणार. दोन कोटेशनं आली आहेत. पहिल्यात टाकी घराच्या खालच्या अंगाला आणि शोषखड्डा त्याहून खाली, काठापासून 12 मीटरवर. पंप वगैरे काही नाही, सगळं उतारानं वाहणार. दुसऱ्यात टाकीतलं पाणी पंपानं वर चढवून रस्त्यालगतच्या जरा सपाट पट्ट्यात चर खोदून मुरवायचं. त्याची रक्कम पहिल्याच्या अडीचपट आहे. तेवढ्यासाठी निवृत्तीची ठेव मोडावी लागेल किंवा कर्ज काढावं लागेल. मला निवृत्तीला सहा वर्षं आहेत. तोवर घर सुट्टीसाठी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं देऊन हप्ते फेडावेत, असा माझा हिशेब आहे. पत्नी म्हणते, ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. काय करावं?

उत्तर: तुमच्या पत्नीचं गणित एका अर्थी बरोबर आहे, फक्त कोंबडीची किंमत अजून पुरती चुकती झालेली नाही. उताराची, तळ्याला लागून असलेली जागा शेजारच्या सपाट जागेपेक्षा बहुधा स्वस्तात मिळते, कारण तिच्यात घर उभं करायचा खर्च जास्त असतो. तुम्ही जमिनीच्या किमतीचा एक भाग विक्रेत्याला दिलात. उरलेला आता कंत्राटदाराला द्यायचा आहे. सेप्टिकच्या खर्चाकडे असं पाहिलं की तो अचानक अंगावर आल्यासारखा वाटत नाही, आणि तो टाळायचा मोहही कमी होतो.

आता पहिलं कोटेशन. टाकीत मैला शुद्ध होतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात टाकीत मुख्यतः वेगवेगळं होतं: जड गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी बाहेर पडतं. त्या पाण्यात रोगजंतू भरपूर असतात. त्यांचा बंदोबस्त मातीत होतो, आणि तोही कोरड्या, हवा खेळत्या मातीतून पाणी हळूहळू झिरपलं तरच. म्हणून शोषखड्ड्याच्या किंवा चराच्या तळाखाली, भूजल सर्वांत वर येतं त्या पातळीपर्यंत, साधारण 60 ते 120 सेंटिमीटर कोरडी माती हवी असा दंडक बहुतेक नियमांमध्ये सापडतो. तळ्यापासूनचं अंतर पुष्कळ ठिकाणी 15 ते 30 मीटर मागतात.

तुमचेच आकडे घेऊ. 60 मीटरला 18 मीटर म्हणजे 30 टक्के उतार. हा उतार एकसारखा धरला तर काठापासून 12 मीटरवरची जमीन तळ्याच्या पातळीपेक्षा साडेतीन मीटरभर उंच. शोषखड्डा अडीच मीटर खोल खणला की त्याचा तळ आणि तळ्याचं पाणी यांच्यात एक मीटरच्या आसपास उरतं. भूजल बहुधा काठापासून वर चढत जातं, त्यामुळे खरं अंतर त्याहूनही कमी. पावसाळ्यात तळं थोडं फुगलं की तुमचा खड्डा भूजलात उभा. मग पाणी मुरायचं थांबतं, किंवा उताराच्या अंगातून बाहेर पाझरतं, आणि तुम्ही ज्या पाण्याकडे बघण्यासाठी जागा घेतली त्यात मैल्यातला फॉस्फरस जाऊन शेवाळ माजतं. शिवाय भूजलात बुडालेली टाकी उपसली की तरंगू पाहते. 3,000 लिटरच्या रिकाम्या टाकीवर वर ढकलणारं बल 3 टन वजनाइतकं असतं. हलकी प्लास्टिकची टाकी असेल तर ती काँक्रीटला नीट जखडलेली हवी. पहिल्या कोटेशनमध्ये या कामाची ओळ आहे का, तेवढं बघा.

दुसरी गोष्ट दोन्ही कंत्राटदारांना विचारा, कारण ती कोटेशनात सहसा कुणी लिहीत नाही: गाळ उपसणार कसा? टाकी साधारण दर तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. सक्शनची गाडी रस्त्यावर उभी राहते आणि पाइप खाली सोडते. ती गाळ ओढते म्हणजे हवेचा दाब तो वर ढकलतो, आणि त्या दाबाला मर्यादा आहे: साध्या पाण्यासाठी कागदावर 10 मीटरच्या थोडं वर, प्रत्यक्षात सात-आठ मीटर. पाइप कितीही लांब असला तरी त्यापलीकडे उंची चढत नाही. तुमचं घरच रस्त्यापासून 9 मीटर खाली, टाकी त्याच्याही खाली. म्हणजे रस्त्यावरची गाडी ती टाकी उपसू शकणार नाही. खाली दुसरा पंप लावून ढकलावं लागेल आणि दर वेळी त्याचे पैसे पडतील. दुसऱ्या कोटेशनातही टाकी घराला चिकटून असेल तर अडचण तीच. अडीचपट पैसे देऊन हा घोळ शिल्लक राहायला नको.

आता वीस वर्षांचा हिशेब. पहिलं कोटेशन 100 धरू, दुसरं 250. पुढचे आकडे मी अंदाजाने घालतो आहे, तुम्ही तुमच्याकडचे दर घालून पुन्हा मांडा. महागाई आणि व्याज दोन्ही सोडून दिलं आहे. पहिल्याचा वीस वर्षांचा उपसा आणि देखभाल 50 धरली तर एकूण 150. दुसऱ्यात वीज, वार्षिक तपासणी, उपसा आणि दोनदा पंप बदलणं मिळून 100, एकूण 350. आता समजा पहिली व्यवस्था दहाव्या वर्षी बंद पडली. तोवर 125 गेले, जुनं बुजवायला 25, वर नवीन करायला 250, पुढच्या दहा वर्षांची देखभाल 50. एकूण 450.

यातून निघणारं उत्तर अनेकांना आवडत नाही. या आकड्यांनुसार पहिली व्यवस्था बंद पडण्याची शक्यता तीनात दोनपेक्षा कमी असेल, तर सरासरीने पहिलंच स्वस्त ठरतं. केवळ ‘महागडं ते टिकाऊ’ म्हणून मी दुसऱ्याच्या बाजूने झुकणार नाही. पण तुमच्या जागेत ती शक्यता मी तीनात दोनपेक्षा जास्त धरतो, वर सांगितलेल्या एका मीटरमुळे. 12 मीटरवर परवानगीच मिळत नसेल तर शक्यतेचा प्रश्नही उरत नाही. आणि मुख्य म्हणजे हा दणका दहाव्या वर्षी बसणार, तुम्ही निवृत्त होऊन चौथं वर्ष चालू असताना. पगार चालू असताना दिलेले 250 आणि ठेवीवर घर चालत असताना द्यावे लागलेले 250 सारखे नसतात. पहिल्या कोटेशनात तुम्ही दीडशेची बचत करत नाही, ते देणं उतारवयात ढकलता.

मात्र दुसरं कोटेशन आहे तसं सही करा, असंही मी म्हणत नाही. दोन्ही कोटेशनांनी घराची जागा पक्की धरली आहे. घर अजून कागदावर आहे, आणि कागदावरचं घर हलवायला फारसा खर्च येत नाही. ते काही मीटर वर, रस्त्याच्या बाजूला सरकवलं तर टाकी सक्शनच्या टप्प्यात येते, पंपाला चढवायची उंची कमी होते, कदाचित पंपच लागत नाही. त्या बदल्यात पाणी थोडं दूरवरून दिसेल. खिडकीतून तळं किती जवळून दिसावं याची किंमत तुम्ही या कोटेशनांमधून मोजत आहात, तर ती आकड्यात मांडून घ्या. तिसरं कोटेशन याच प्रश्नावर मागवा.

त्याआधी माती तपासा. सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त शहाणपण इथे मिळतं, आणि घराचा नकाशा पक्का करून मग माती तपासणं म्हणजे वरातीमागून घोडं. जिथे पाणी मुरवायचं तिथे दीड-दोन मीटरचा खड्डा घेऊन जाणकाराला आत उतरवा. खड्ड्याच्या भिंतीत तांबूस-राखाडी ठिपक्यांचा पट्टा दिसला तर ओल्या हंगामात पाणी तिथवर चढतं, आज खड्डा कोरडा असला तरीही. खडक किती खोल आहे तेही कळेल. दुसऱ्या खड्ड्यात पाणी भरून ते किती वेगाने उतरतं ते मोजतात. पावसाळ्याच्या शेवटी केलेली चाचणी कडक उन्हाळ्यातल्या चाचणीपेक्षा खरी. आणि तपासणारा माणूस कोटेशन देणाऱ्यांपैकी नसावा.

भाड्याचा हिशेब मला सगळ्यात जास्त खटकला. दोघांसाठी आखलेली व्यवस्था सुट्टीत आठ पाहुण्यांना पुरत नाही. एकदम जास्त पाणी आलं की टाकीत गाळ बसायला वेळ मिळत नाही, तो पुढे वाहून चरात जातो आणि चर कायमचे बुजतात. टाकी उपसून घेता येते, बुजलेले चर तसे मोकळे होत नाहीत. म्हणजे भाडं हवं तर व्यवस्था मोठी हवी, म्हणजे कर्ज मोठं, म्हणजे भाडं जास्त. या चक्रात शिरू नका. भाडं मिळालं तर ते हप्त्यासाठी न धरता वेगळ्या खात्यात टाका. पंप बदलायची वेळ आली की तिथून काढता येईल.

मग पैसा कुठून आणायचा? निवृत्तीची ठेव मोडू नका. सहा वर्षांत ती पुन्हा उभी राहील अशी आशा मला वाटत नाही. सहा महिन्यांच्या खर्चाची राखीव रक्कमही तशीच राहू द्या. माझी पहिली पसंती घर लहान करण्याला. पुष्कळ ठिकाणी व्यवस्थेचा आकार निजायच्या खोल्यांच्या संख्येवर ठरवतात, त्यामुळे एक खोली कमी केली की बांधकामात बचत आणि जमिनीखालीही. तरी कमी पडलं तर कर्ज घ्या, पण असं की शेवटचा हप्ता शेवटच्या पगाराआधी संपेल आणि भाडं शून्य धरूनही हप्ता झेपेल. तेही बसत नसेल तर बांधकाम एक-दोन वर्षं पुढे ढकला. जागा विकणं हा पर्यायही खुला ठेवा. तिच्यात आधीच पैसे अडकलेत म्हणून आणखी ओतायचे, हे कारण होऊ शकत नाही. माती-अहवाल आणि मंजूर आराखडा हाती असलेली जागा विकताना भावही बरा येतो.

करार करताना खडक लागल्यास काय दर, हे आधी लिहून घ्या. बाकी सगळं ठरलेल्या रकमेत. पंप बंद पडल्याचा इशारा देणारा गजर आणि वीज गेल्यास किमान एक दिवसाचं पाणी साठेल एवढी पंपाची टाकी कागदावर असू द्या. वरून येणारं पावसाचं पाणी चरांच्या आधीच वळवणारी नाली हवी. चर पुढे कधी थकले तर बदली म्हणून तेवढीच मोकळी जागा राखलेली नकाशावर दिसली पाहिजे. तिथे उद्या गाडी लावायचा ओटा घालू नका. कोटेशनवर 20-25 टक्के वाढीव तरतूद धरा, उतारावर ती बहुधा खर्च होतेच. आणि कंत्राटदाराचे शेवटचे दहा टक्के एक पावसाळा निघेपर्यंत हातात ठेवा. तो कुरकुरेल, तरी ठेवा.