थंडरबर्डमध्ये खातं जोडताना आयमॅपच घे

भाऊ, थंडरबर्ड या मेल वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये खातं जोडताना आयमॅप की पॉप (मेल कंपनीच्या सर्व्हरवरून मेल आणायच्या दोन पद्धती) असं विचारलं की आयमॅपच निवड. मी सुरुवातीला पॉप घेतलं होतं. मेल संगणकावर उतरले आणि सर्व्हरवरून पुसले गेले. दर्यापूरला जाऊन वेबमेल, म्हणजे ब्राउझरमधलं मेल, उघडलं तर पीकविम्याची पावती कुठंच नाही! ती घरच्या संगणकात, अन् घरी लाईट नाही. चाळीस किलोमीटर फुकटचे पडले. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात, इथं वाचलेला तिथंही वाचलेला दिसतो. पण इथं खोडलेला तिथूनही जातो, हे पक्कं ध्यानात ठेव.

येणाऱ्या मेलला पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) ९९३, अन् सुरक्षेला एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्याला ४६५ अन् तेच एसएसएल/टीएलएस, नाहीतर ५८७ अन् स्टार्टटीएलएस. जीमेल असेल तर लॉगिनची पद्धत ओऑथ२ निवड, पासवर्ड गूगलच्याच खिडकीत टाकायचा.

आपल्याकडं नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, म्हणून सगळे जुने मेल उतरवू देऊ नको, दिवसभराचा डेटा संपेल. खातं जोडल्याबरोबर सेटिंगमध्ये सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज उघड आणि शेवटचे ३० दिवस एवढंच ठेव. मग स्वतःलाच एक मेल पाठव, वेबमेलच्या सेंटमध्ये तो दिसतो का बघ.